हिऱ्याची परीक्षा : घण की ओरखडा?

गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यात वैरागड नावाचे गाव आहे. १९८२ साली जिल्हा वेगळा होण्यापूर्वी ते चंद्रपूर जिल्ह्यात मोडे. खोब्रागडी नदीजवळचा तिथला पडका किल्ला पाहून कोणाला वाटणारही नाही की, एके काळी या आडरानातल्या गावाची कीर्ती मोगल दरबारापर्यंत पोचली होती, आणि तीही हिऱ्यांमुळे! सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने रचलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त चांद्याच्या गोंड राजाच्या ताब्यातील या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे.

पण मातीतून निघालेला खडा हिरा आहे की नुसती गारगोटी, हे ओळखावे कसे? खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण घातला तरी फुटत नाही, ही समजूत फार जुनी. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीनेही तेच लिहून ठेवले आहे. समजूत मोठी घातकी! हिरा ठरावीक दिशांनी सहज दुभंगतो. म्हणजे परीक्षकाच्या हाती उरणार चुरा, आणि वर ‘खोटाच होता’ हे समाधान! गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात बजावले की, हिरा हातोडीने सहज फुटतो.

मग खरी कसोटी कोणती? गरुडपुराण म्हटले की आपल्याला सुतकाचे दिवस आठवतात. पण त्याच पुराणात रत्नपरीक्षेचे अध्यायही आहेत. त्यांत म्हटले आहे की, हिरा साऱ्या रत्नांवर आणि धातूंवर ओरखडा काढतो. त्यांच्याने मात्र हिऱ्यावर ओरखडा निघत नाही. न फुटणे वेगळे आणि न ओरखडणे वेगळे. कठीणपणा म्हणतात तो दुसऱ्याला.

१८१२ मध्ये फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने याच तत्त्वावर दहा पायऱ्या बांधल्या : शंखजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, फेल्डस्पार, गारगोटी, पुष्कराज, कुरुंद आणि हिरा. वरच्याने खालच्यावर रेघ ओढावी. आपले नख अडीचच्या आसपास, चाकूचे पाते साडेपाचच्या. सातवी गारगोटीही काच ओरखडते; म्हणून ‘काच कापली, तेव्हा हिराच’ म्हणणारा फसतो. खड्याने कुरुंदावर रेघ उमटवली, तरच त्याची बाजू बळकट. आणि हे आकडे म्हणजे नुसता पंक्तीतला क्रम, माप नव्हे. मोजू गेल्यास नवव्या कुरुंदाहून दहावा हिरा सुमारे चौपट कठीण भरतो.

तेव्हा वाचकहो, दिवाळीला आजीची हिऱ्याची कुडी बाहेर निघाली, तर तिच्यावर हातोडी चालवू नका. आणि सण सरला की ती माणकामोत्यांच्या डबीत टाकू नका. जो साऱ्यांना ओरखडतो, त्याची डबी वेगळीच हवी.