मंदीकाळातील बेकारी व अर्धबेकारी

मंदीकाळातील बेकारी व अर्धबेकारी : मागणी व उत्पादन घटत गेले की काम मागणाऱ्या सर्वांना पुरेसे काम मिळेनासे होते. ज्यांच्या हाताला कामच उरत नाही ते बेकार. हवे त्याहून कमी तासांचे, शिक्षणाच्या मानाने हलके किंवा उत्पादनात फारशी भर न घालणारे काम ज्यांना पत्करावे लागते ते अर्धबेकार. मंदी किती खोल गेली हे सर्वसाधारणपणे बेकारीच्या दरावरून ठरवतात. बेकारी भत्त्याची व्यवस्था असलेल्या देशांत हे माप बऱ्याच अंशी चालते. भारतात मात्र ते दिशाभूल करते, कारण येथे मंदीचा घाव मुख्यतः अर्धबेकारीच्या रूपाने बसतो. कोविड साथीच्या काळातील मंदी हा त्याचा ठळक पुरावा आहे.

मार्च २०२० च्या अखेरीस देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. एप्रिल ते जून या तिमाहीत भारताचे स्थूल देशांतर्गत उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरले. २०२०–२१ या पूर्ण आर्थिक वर्षातील घट सुधारित अंदाजानुसार ५.८ टक्के होती. स्वतंत्र भारताने इतकी मोठी घसरण पूर्वी पाहिली नव्हती. अशा वर्षी बेकारी वाढायला हवी. पण नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात नेहमीच्या स्थितीनुसार काढलेला बेकारीचा दर २०१८–१९ मध्ये ५.८ टक्के, २०१९–२० मध्ये ४.८ टक्के आणि २०२०–२१ मध्ये ४.२ टक्के भरला. हे आकडे खोटे नाहीत. या पद्धतीत वर्षाचा बराचसा काळ काम नसलेल्या माणसानेही तीसेक दिवस काही काम केले असेल, तर तो कामकऱ्यांतच धरला जातो. खरी गोष्ट त्याच सर्वेक्षणाच्या दुसऱ्या तक्त्यांत सापडते. शेतीत गुंतलेल्यांचा वाटा कित्येक वर्षे घटत येऊन २०१८–१९ मध्ये ४२.५ टक्क्यांवर आला होता. तो दोन वर्षांत ४६.५ टक्क्यांवर चढला. कारखानदारीचा वाटा घटला. नियमित पगारदारांचे प्रमाण २३.८ वरून २१.१ टक्क्यांवर उतरले, तर घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांचे १३.३ वरून १७.३ टक्क्यांवर गेले. नोकरी गेलेला माणूस बेकारांच्या रकान्यात फार काळ थांबलाच नाही. तो गावी परतला आणि तेथे ‘कामाला लागला’.

असे का होते हे समजायला एका साध्या उदाहरणाची मदत होते. दोन भावांची मिळून पाच एकर सोयाबीन आहे. धाकटा पुण्याजवळच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आणि थोरला शेती पाहतो. खुरपणीच्या दिवसांत थोरला वस्तीवरच्या चार बायकांना रोजाने लावतो. कारखाना बंद पडल्यावर धाकटा बायकोसह घरी येतो आणि दोघे खुरपी घेऊन शेतात उतरतात. सोयाबीन पूर्वीइतकेच पिकते. खाणारी तोंडे वाढतात, घरी येणारा पगार थांबतो आणि रोजावर जाणाऱ्या चारपैकी दोघींचे दिवस बुडतात. सर्वेक्षकाने विचारले तर या साऱ्यांपैकी बेकार कोणीच नसते: भाऊ शेतकरी, त्याची बायको मदतनीस आणि त्या दोघींनाही आठवड्यात एखादा रोज मिळालेलाच असतो. साप्ताहिक पद्धतीत सात दिवसांत एक तास काम केलेला माणूसही कामात धरतात. शहराने टाकलेला भार आधी शेतकरी कुटुंबावर आणि तेथून भूमिहीन मजूर बायकांवर कसा सरकतो, याकडे मंदीच्या चर्चेत फार कमी लक्ष जाते. ही साखळी अर्थशास्त्राला मुळीच अपरिचित नाही. १९३० च्या महामंदीत कामावरून काढलेली माणसे रस्त्यावर किरकोळ वस्तू विकून वा अशाच फुटकळ उद्योगांवर दिवस काढताना पाहून जोन रॉबिन्सन यांनी १९३६ मध्ये छुप्या बेकारीची कल्पना मांडली. भारतातही दांतवाला समितीने १९७० मध्ये बजावले होते की स्वयंरोजगार व हंगामी मजुरीवर उभ्या अर्थव्यवस्थेत बेकारीचा एकच एक आकडा काढणे गैर आहे. आज बातम्यांत तो एकच आकडा फिरतो, हे खेदजनक आहे.

या मांडणीवर दोन गंभीर आक्षेप घेतले जातात. पहिला असा की सर्वेक्षणाचे वर्ष तेव्हा जुलै ते जून असे, त्यामुळे टाळेबंदीचे महिने एका वर्षात आणि नंतरची सावरासावर दुसऱ्या वर्षात पडते. हे खरे आहे. शहरी भागातील साप्ताहिक बेकारी एप्रिल ते जून २०२० मध्ये जवळपास २१ टक्क्यांवर गेली होती, म्हणजे झटका बेकारीच्या आकड्यातही उमटला होता. मात्र तो झटका पोटात घेणाऱ्या २०१९–२० चा वार्षिक दरही आदल्या वर्षाहून कमीच आहे, आणि शहरी दर ओसरला त्या काळात पगारी कामाचा वाटा घटतच होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्त्रियांचा श्रमसहभाग २०१८–१९ मधील २४.५ टक्क्यांवरून २०२०–२१ मध्ये ३२.५ टक्क्यांवर गेला आणि मंदी सरल्यावरही वाढत राहिला. त्याला निव्वळ हलाखी कसे म्हणायचे? बायकांचे पूर्वी न दिसणारे काम आता नीट नोंदले जात असेल, ही शक्यता मान्य करायला हवी. पण वाढ मुख्यतः ग्रामीण भागात, शेतीत आणि मोठ्या प्रमाणात बिनपगारी कामात झाली. मंदीत सुरू झालेला कल पुढे टिकला यावरून तो सुखाचा होता असे ठरत नाही. गेलेली नोकरी परत मिळाली नाही, की तात्पुरती तडजोड कायमची होऊन बसते.

अर्धबेकारी मोजायची कशी, याचे एक उत्तर महाराष्ट्राने अर्धशतकापूर्वी दिले आहे. १९७२–७३ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलाव व रस्त्यांची माती वाहायला जवळपास ५० लाख माणसे कामांवर आली. तो दुष्काळ होता, मंदी नव्हे. पण वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमीचा पाठपुरावा केला आणि जिचा कायदा १९७७ मध्ये झाला, तिचे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते: जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला काम. उन्हात दिवसभर माती उपसायला स्वतःहून येणारा माणूस आपल्याकडे पुरेसे काम नाही हेच सांगत असतो, आणि हजेरीपट हीच त्याची साक्ष ठरते. २०२०–२१ मध्ये महाराष्ट्रात याच तत्त्वावरच्या राष्ट्रीय रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. त्या वर्षी देशभरात सुमारे साडेसात कोटी कुटुंबांनी हे काम केले, आदल्या वर्षी हा आकडा साडेपाच कोटींच्या आत होता. मनुष्यदिवस २६५ कोटींवरून ३८९ कोटींवर गेले. मजुरीचा दर थोडा वाढला म्हणून लोक आले, असे म्हटले जाते. पण राष्ट्रीय सरासरी १८२ वरून २०२ रुपये झाल्याने दोन कोटी जादा कुटुंबे खड्ड्यांत उतरली, हे पटणारे नाही. शिवाय हमी १०० दिवसांची असताना घरटी सरासरी काम ५२ दिवसांच्या आतच भरले.

अर्धबेकारी ही दरवेळी वाईटच, असेही नाही. २००९ मध्ये जर्मनीचे उत्पादन ५ टक्क्यांहून अधिक घसरले, पण कारखान्यांनी माणसे काढण्याऐवजी तास कमी केले. बुडालेल्या निव्वळ वेतनापैकी ६० टक्के, मुले असणाऱ्यांना ६७ टक्के, सरकारी विम्याने भरून दिले आणि बेकारी जेमतेम वाढली. अमेरिकेत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेकारी १० टक्के होती, आणि नाइलाजाने अर्धवेळ काम करणारे व हताश होऊन शोध थांबवलेले धरले तर हेच प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास जात होते. जर्मन कामगाराची नोकरी व कौशल्य शाबूत राहिले, कारण रिकाम्या तासांची किंमत साऱ्या समाजाने वाटून घेतली. खुरपणीला गेलेल्या कंत्राटी कामगाराच्या बाबतीत ती त्याच्या भावाने आणि वस्तीवरच्या बायकांनी चुकती केली. महाराष्ट्राच्या रोजगार हमीसाठी १९७५ पासून शहरातील पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जातो. त्या कराचा आधार गावातील मजुराला मिळाला. पण २०२० मध्ये शहरातच काम गमावलेल्या आणि परतायला गावी शेत नसलेल्या कामगारासाठी देशपातळीवर तशी कोणतीही हमी नव्हती.