कारभारी आणि कारागीर

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, समुद्रकाठी, कोवलम नावाचे कोळ्यांचे एक गाव आहे. केरळातील त्याच नावाच्या प्रसिद्ध स्थळाहून ते निराळे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत त्याचा उल्लेख कोव्हलाँग असा आढळतो. १७५२ साली येथील किल्ला फ्रेंचांच्या हाती होता आणि तो जिंकून घेण्याची कामगिरी रॉबर्ट क्लाइव्हकडे आली. त्याच्या हाताशी माणसे होती ती नव्याने भरती केलेले ५०० शिपाई आणि इंग्लंडहून नुकतेच उतरलेले २०० रंगरूट. मेकॉलेने या मोहिमेची हकीकत वर्णिली आहे. किल्ल्यातून आलेल्या गोळीने एक जण पडताच बाकीच्यांनी पाठ फिरविली. दुसऱ्या एका प्रसंगी तोफेच्या आवाजाने भ्यालेला एक पहारेकरी काही तासांनी विहिरीच्या तळाशी सापडला! याच माणसांना क्लाइव्हने धोक्याची हळूहळू सवय लावली, स्वतः पुढे उभे राहून त्यांची भीती मोडली. कोवलम पडले आणि पाठोपाठ चेंगलपट्टूचा किल्लाही शरण आला.

आणि हा क्लाइव्ह कोण? अवघ्या आठ वर्षांपूर्वी, १७४४ साली, कंपनीचा कारकून म्हणून मद्रासच्या किनाऱ्यावर उतरलेला पोरसवदा तरुण!

प्रत्येक उद्योगात, मग तो राज्याचा असो, व्यापाराचा असो वा यंत्रांचा असो, माणसांचे दोन वर्ग पडतात. एक स्वतः काम करणाऱ्यांचा, दुसरा काम करवून घेणाऱ्यांचा. कोवलमची हकीकत दुसऱ्या वर्गाचे महत्त्व सांगते. परंतु उद्योगाची भरभराट असताना कोणाचे महत्त्व किती हा प्रश्न फारसा अवघड नसतो. धनी बदलला, दौलत बुडाली आणि चाकरीच्या बाजारात पुन्हा उभे राहण्याची पाळी आली म्हणजे दोघांपैकी कोणाचा निभाव लागतो, हा खरा प्रश्न आहे. दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या इतिहासात त्याचे उत्तर शोधण्यासारखे आहे.

शहाजीराजांच्या जहागिरीबरोबर आणि पुढे व्यंकोजीराजांनी तंजावरास स्थापन केलेल्या राज्याबरोबर मराठी कुटुंबे कावेरीच्या काठापर्यंत पोहोचली. लेखणीवर चरितार्थ चालविणारी देशस्थ घराणी त्यांत पुष्कळ होती. मोडी लिहिणे, जमाबंदी करणे, ताळेबंद मांडणे ही त्यांची विद्या. तंजावरच्या दरबारात मुख्य कारभाऱ्याला सरखेल म्हणत आणि त्याच्या हाताखाली दफ्तरदारांची व कारकुनांची मोठी उतरंड होती.

या राज्याचा अंत दोन टप्प्यांत झाला. १७९९च्या तहाने सरफोजीराजांनी मुलखाचा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. त्यांच्याकडे राहिला तो किल्ला आणि त्याभोवतीचा थोडा प्रदेश. पुढे १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून वारले आणि कंपनीने उरलेली गादीही खालसा केली. राणी कामाक्षीबाईंनी खाजगी मालमत्तेसाठी न्यायालयात दाद मागितली. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला खरा, परंतु १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने ही राज्यसत्तेची कृती असून तीत न्यायालयास हात घालता येत नाही असा निर्णय दिला. राणीसाहेबांची ही अवस्था, तेथे सरखेलाची काय कथा? ज्या राज्याचा कारभार करावयाचा ते राज्यच उरले नाही.

आता याच दरबारातील दुसऱ्या वर्गाकडे पाहावे. सरफोजीराजांच्या पदरी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार भाऊ होते. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला आज जी ठरीव मांडणी दिसते, तिचे श्रेय या चौघांना दिले जाते. पुढे वडिवेलु त्रावणकोरास स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले आणि चिन्नय्यांना म्हैसूरच्या दरबारात आश्रय मिळाला. मेरुस्वामी हे मराठी कीर्तनकारही स्वाती तिरुनाळांच्या दरबारी मान पावले. आणि गादी खालसा झाल्यानंतरच्या काळात तंजावर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाची धाटणी, तिच्यातील साकी-दिंडीसह, तमिळ हरिकथेत आणली व नवे श्रोते मिळविले. या मंडळींची विद्या गळ्यात आणि बोटांत होती. गाव बदलले तरी ती त्यांच्याबरोबर चालत गेली. नव्या धन्याने घटकाभर ऐकले की पारख होत असे. जुन्या धन्याच्या शिफारसपत्राची गरज नसे.

परंतु हाताच्या विद्येलाही काळाची मर्यादा असते, ही गोष्ट विसरता कामा नये. कंपनीने मद्रास इलाख्याची घडी बसविली तेव्हा तिला हिशेब जाणणारी माणसे हवी होती आणि ती मराठी लेखणीवाल्यांत तयार सापडली. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात तेलुगू आणि तमिळ मुलखातील अनेक जिल्हा कचेऱ्यांत मराठी हिशेबांचा वापर होता. कलेक्टरसाहेब येत आणि बदलून जात; शिरस्तेदार मात्र जागचा हलत नसे. भाषा त्याला ठाऊक, दफ्तर त्याच्या हाती, कारकून त्याच्या नात्यागोत्यातले. या सत्तेचा दुरुपयोगही झाला. १८४५च्या सुमारास गुंटूर जिल्ह्याच्या कारभाराची वॉल्टर एलियट यांनी चौकशी केली, तेव्हा कचेरीतील अनेक दोष चव्हाट्यावर आले. एकाच कुळाच्या हाती साऱ्या जागा एकवटू नयेत असे धोरण पुढे सरकारने अवलंबिले. शतकाच्या मध्याबरोबर मराठी हिशेब मागे पडले; जिल्ह्याची भाषा आणि इंग्रजी पुढे आली. ज्याला केवळ मोडी येत होती तो कारकून मागे राहिला आणि ज्याने वेळीच इंग्रजी आत्मसात केली त्याला नव्या कचेरीत खुर्ची मिळाली.

या दोन्ही वर्गांचे गुण ज्याच्या ठायी एकवटले होते असा पुरुष म्हणजे सर टी. माधवराव. १८२८ साली कुंभकोणम येथील मराठी घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील रंगराव आणि चुलते रायरायराय वेंकटराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केलेली. एवढ्या पुण्याईवर एखाद्याने लहानपणीच दिवाणपदाची स्वप्ने पाहिली असती. माधवराव मात्र मद्रासच्या विद्यालयात पॉवेलसाहेबांच्या हाताखाली गणित शिकले, काही काळ ते शिकविले आणि मग अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरीस लागले. १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे महसूल खात्यात आणि दिवाण पेशकार म्हणून त्यांनी प्रत्यक्ष काम केले, आणि त्यानंतर, तिशीच्या उंबरठ्यावर, ते दिवाण झाले.

त्रावणकोरचा खजिना तेव्हा रिता होता आणि राज्य कर्जात होते. माधवरावांनी मिरी व तंबाखूचे सरकारी मक्ते मोडले, जकातीची व्यवस्था सुधारली आणि १८६३पर्यंत सार्वजनिक कर्ज फेडून टाकले. हे काम केवळ हुकूम सोडून होणारे नव्हते. ज्याला आकड्यांची भाषा कळते त्यालाच ते साधावे असे होते.

तथापि एवढ्या यशस्वी कारभाऱ्याच्या पदाचा आधार किती नाजूक होता पाहा. ज्या राजपुत्राला त्यांनी शिकविले तोच पुढे आयिल्यम तिरुनाळ महाराज झाला. गुरुशिष्यांत बेबनाव झाला आणि १८७२ साली माधवराव त्रावणकोरातून बाहेर पडले. पुढील वर्षी तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदुरास बोलाविले. दोन वर्षांनी मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले तेव्हा बडोद्याची विस्कटलेली घडी बसविण्यासाठी त्यांचीच निवड झाली. १८८१च्या अखेरीस सयाजीराव महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली आणि १८८२ साली माधवरावांनी बडोदे सोडले. कर्तबगारीत उणेपणा कोठेच नव्हता. परंतु तरुण राजा स्वतः काम पाहू लागला की दिवाणाची गरज कमी होते. १८९१ साली मद्रासला त्यांचे निधन झाले.

दिवाणांच्या बाजाराचे स्वरूप यावरून कळून येते. कारकुनाच्या जागा शेकड्यांनी, दिवाणाची जागा दरबारात एकच. तीही मिळावयाची ती राजाची मर्जी आणि रेसिडेंटची संमती या दोन्ही जुळल्या तर. कारकुनाचा ताळेबंद समोर ठेवता येतो. दिवाणाचे काम इतरांच्या कामात मिसळून गेलेले असते. यश आले तर ते राजाचे, खजिन्याचे आणि चांगल्या पावसाचे. अपयश आले तर ते दिवाणाचे! शिवाय काटकसरीची वेळ आली म्हणजे नजर प्रथम जाते ती मोठ्या पगाराकडे. म्हणूनच हे लोक एका दरबारातून दुसऱ्या दरबारात फिरताना दिसतात. कुंभकोणमचेच व्ही. पी. माधवराव पुढे त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले.

कोवलमपासून आत वळले की थोड्याच अंतरावर केळंबाक्कम आणि सिरुसेरीचा टापू लागतो. तेथे आता संगणक कंपन्यांच्या प्रचंड इमारती उभ्या आहेत आणि हजारो अभियंते त्यांत काम करतात. हाच प्रश्न तेथे नव्या पोशाखात उभा आहे. काही वर्षे संगणकाचा कार्यक्रम उत्तम लिहिणाऱ्या अभियंत्याला बढती म्हणून दहा-वीस जणांवर नेमतात; तो बैठका घेतो, वेळापत्रके आखतो आणि हळूहळू त्याचा स्वतःचा हात कामावरून सुटतो. २०२३ साली अमेरिकेतील मेटा कंपनीने अधिकाऱ्यांच्या मधल्या पायऱ्या कमी करावयाचे ठरविले आणि अनेक व्यवस्थापकांना पुन्हा प्रत्यक्ष कामाकडे वळण्यास सांगितले. २०२५च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या नोकरवर्गापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसे, कमी करण्याचे जाहीर केले. ही कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणींत होणार असे तिने सांगितले. चाळिशी उलटलेला, घराचे हप्ते फेडणारा, मुलांच्या शिक्षणाच्या मध्यात सापडलेला व्यवस्थापक अशा वेळी बाजारात उभा राहिला म्हणजे त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच : तुम्हाला स्वतःला काय करता येते?

या प्रश्नात तिरस्कार मानण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ कारभारी निरुपयोगी असा होत नाही. कारभारीच नसता तर कोवलमच्या वाळूतून ते सातशे जण मद्रासपर्यंत पळत गेले असते. परंतु कारभाराची विद्या एकटी बाजारात विकली जात नाही. तिच्या सोबतीला हाताची एखादी विद्या असावी लागते आणि ती गंजू न देण्याची खबरदारी घ्यावी लागते. तंजावरच्या सरखेलाचे पद राज्याबरोबर संपले. वडिवेलूंचे संगीत त्रिवेंद्रमला पोहोचले. आणि अकाउंटंट जनरलच्या कचेरीत आकडे मांडलेला कुंभकोणमचा तरुण तीन दरबारांना पुरून उरला. त्याच्या दिवाणगिरीचा पाया त्या कचेरीतील टेबलावर घातला गेला होता.