विहिरीतले प्रेत आणि पुराणातली ओवी

वसई रोड स्टेशनावरून किल्ल्याकडे निघाले की वाटेत पापडी लागते. तेथील कृपामातेचे चर्च आज वसई धर्मप्रांताचे कॅथीड्रल आहे. हा धर्मप्रांत १९९८ साली स्वतंत्र झाला. रविवारी सकाळी तेथे उभे राहावे, तर कानांवर मराठी पडते. प्रार्थना मराठी, प्रवचन मराठी, गाणी मराठी. यात नवल ते काय, असे आपल्याला वाटते. पण एकोणीसशे साठनंतरच्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. पिढ्यान्‌पिढ्या या भाविकांच्या वाट्याला देवाची मुख्य उपासना परक्या भाषेतच आली. आपल्या भाषेत काय उरले? उरली गाणी. त्या गाण्यांच्या मुळाशी जावे म्हणून मी जुनी पाने चाळू लागलो आणि जाऊन पोचलो एका विहिरीशी.

दिवाळीच्या फराळाबरोबर विहिरीतल्या प्रेताची गोष्ट काढावी की नाही, असे क्षणभर वाटले खरे. पण गाण्यांच्या जगात हे निषिद्ध नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मुलखात तर अशा गाण्यांची मोठी परंपराच आहे. मिसिसिपीच्या बॉबी जेंट्री या गायिकेने १९६७ साली स्वतः रचून गायिलेले 'ओड टू बिली जो' हे गाणे घ्या. घरची मंडळी जेवायला बसली आहेत, पदार्थ इकडून तिकडे दिले जात आहेत, आणि त्यातच कोणी सहज सांगते की, गावातल्या एका मुलाने पुलावरून उडी घेऊन जीव दिला. रक्त, पाप, देव आणि ताटातले जेवण यांना त्या मुलखाचे गाणे वेगळे ठेवत नाही. आपल्याकडे असे कोणी केले का, असे विचाराल तर मी फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव घेईन. तेही स्वतः रचणारे, आणि त्यांचा मुलूखही दक्षिणेकडचा: गोव्यातली साष्टी. (वसईकरांच्या शेजारची, ठाण्याची साष्टी ती निराळी. या दोन साष्टींनी आजवर पुष्कळांना चकवले आहे.)

स्टीफन्स हे इंग्रज. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यात उतरले आणि पुढे १६१९ मध्ये मरेपर्यंत याच बाजूला राहिले. ते आले तेव्हा साष्टीची जखम ओली होती. १५६७ च्या सुमारास तेथली देवळे पाडली गेली होती. लोक रातोरात आपले देव घेऊन खाडीपलीकडे गेले होते. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी गावी चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केले. त्यांत रुडॉल्फ आक्वाव्हिवा होते. काही महिन्यांपूर्वीपर्यंत फत्तेपूर शिक्रीला अकबराच्या दरबारी बसून धर्मचर्चा करणारे तेच हे. प्रेते विहिरीत टाकण्यात आली. ती मिळवून त्यांना माती देण्याचे काम ज्यांच्याकडे आले, ते म्हणजे चौतिशीच्या आसपासचे आपले स्टीफन्स.

गोष्टीची दुसरी बाजूही तितकीच काळी आहे. त्याआधी पोर्तुगीज फौजेने त्या गावची देवळे उद्ध्वस्त केली होतीच. हत्येनंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तेथेच त्यांना मारून टाकले. एकाने नदीत उडी घेतली, तो तेवढा वाचला. एका बाजूला हुतात्म्यांची विहीर, दुसऱ्या बाजूला विश्वासघाताचा किल्ला! अशा भूमीत उपदेश करायला उभे राहणाऱ्याला शब्द सुचावा तरी कसा?

मला वाटते, स्टीफन्सना तो सुचला नाही. त्यांच्याकडे तो मागितला गेला. 'ख्रिस्तपुराणा'च्या प्रारंभी जो प्रसंग आहे तो मी पुनःपुन्हा वाचला आहे. धर्मशिक्षणाचा वर्ग चालू आहे. तेव्हा एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून पाद्रीबाबांना म्हणतो, त्याचा मथितार्थ असा: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी दुसरे काही आम्हांला का देत नाही? किती साधा प्रश्न! पण त्यात केवढे दुःख दडले आहे. देव गेला, देऊळ गेले. निदान संध्याकाळी ऐकायला, म्हणायला काही हवे की नको?

त्या मागणीला उत्तर म्हणून दहा हजार नऊशेवर ओव्या उभ्या राहिल्या. छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा, कथा बायबलची. आपण शाळेत त्यांतला मराठीच्या स्तुतीचा तेवढा भाग शिकतो, गौरवाने मान डोलावतो आणि पुस्तक मिटतो. यात स्टीफन्सवर अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हेरोदाने बालके मारविली ते प्रकरण, जुदासाचा शेवट, क्रुसावरचा मृत्यू हे सारे वाचताना कुंकळ्ळी डोळ्यांपुढे ठेवावी. ज्याने विहिरीतून काढलेली प्रेते पाहिली, त्याची ही लेखणी आहे. आणि ऐकणारे कोण? ज्यांची घरेदारे त्याच धुमाळीत होरपळली ते.

१६१६ मध्ये रायतूरला हे पुराण रोमन लिपीत छापले गेले. देशी लिपीचे खिळे मिळावेत म्हणून स्टीफन्सनी १६०८ साली रोमला लिहिले होते, ते काही जमले नाही. पुढे १६४९ आणि १६५४ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. तिन्हींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये तर लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून आपली भाषा सोडावी असे फर्मानच सुटले. पुराण तरले ते हस्तलिखितांत आणि लोकांच्या तोंडी. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी ते बरोबर नेले, म्हणूनच १९०७ मध्ये मंगळूरला ते जोसेफ साल्ढाणा यांना छापता आले. एक देवनागरी प्रत लंडनला मार्सडेन यांच्या संग्रहात निघाली. १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत काढले, तेव्हा कोठे सामान्य मराठी वाचकाच्या हाती आले.

उत्तर कोकणात अशीच आणखी एक रचना नांदली. फ्रांसिस्कु वाझ द गिमाराइश यांच्या नावावर असलेले, ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यू सांगणारे पुराण मुंबईकडच्या बोलीत होते आणि एकोणिसाव्या शतकातही मुंबईत पुनःपुन्हा छापले जात होते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज निशाणे उतरली, किल्ल्यातल्या चर्चांची छपरे कालांतराने कोसळली, भिंतींतून पिंपळ-वड फुटले. गोरे शिपाई-अंमलदार निघून गेले आणि शेतकरी-कोळी येथेच राहिले. त्यांच्या घरात मराठी होतीच.

याच वसईतल्या नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले. २०१३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना लाभला आणि उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही. २०२४ च्या जुलैत ते गेले.

तिकडे कुंकळ्ळीत त्या विहिरीवर आता कपेल आहे. गावची शांतादुर्गा तेव्हा फातर्प्याला गेली ती आजही तेथेच असते. फक्त वर्षातून एकदा, फाल्गुनात, रंगीबेरंगी छत्र्यांच्या मिरवणुकीने, गुलाल उधळीत, आपले जुने घर पाहायला कुंकळ्ळीत येते. त्या दिवशी रस्त्यावर हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही गावकर उभे असतात.