खेळपट्टीचा इतिहास आणि आपले इंदूर

१ मार्च २०२३ रोजी आपल्या होळकर स्टेडियमवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील कसोटी सुरू झाली आणि भारताचा पहिला डाव १०९ धावांत संपला. पहिल्याच दिवशी चौदा गडी बाद झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलियाने नऊ गडी राखून सामना जिंकला. पाच दिवसांचे तिकीट काढलेले इंदूरकर तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला घरी होते.

याच मैदानावर ऑक्टोबर २०१६ मध्ये इंदुरातली पहिली कसोटी झाली होती. तेव्हा न्यूझीलंडविरुद्ध विराट कोहलीने २११, अजिंक्य रहाणेने १८८ धावा केल्या आणि भारताने ५ बाद ५५७ वर डाव घोषित केला. मैदान तेच, गाव तेच, मग एवढा फरक कशाने पडला? याचे उत्तर शोधताना बावीस यार्ड लांब आणि दहा फूट रुंद अशा मातीच्या एका पट्टीपाशी यावे लागते. होळकर संघाच्या कीर्तीविषयी आपल्या समाजात नेहमी बोलले जाते, पण ज्या मातीवर तो संघ खेळला तिच्याविषयी क्वचितच. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

खेळपट्टी म्हणजे चिकणमातीचा दाबलेला थर. तीत पाणी मुरवायचे, ठरावीक ओल उरली की जड रोलर फिरवायचा, पुन्हा वाळू द्यायचे आणि पुन्हा दाबायचे. रस्त्याच्या भरावाची माती दाबून घेण्याच्या कामाशी आमचा नोकरीनिमित्त संबंध येतो, आणि तिथला नियम इथेही तंतोतंत लागू पडतो. ओल कमी असेल तर माती बसत नाही, भुसभुशीत राहते. ओल जास्त असेल तर ती रोलरखाली नुसती सरकते. गवताची मुळे या थराला धरून ठेवतात. माती घट्ट आणि कोरडी असली की चेंडू सरळ, सारख्या उंचीने येतो आणि फलंदाज निर्धास्त होतो. वर हिरवे गवत आणि ओल असली की वेगवान गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडल्यावर वळतो. माती भेगाळली, तिचा भुगा होऊ लागला, की फिरकीवाल्याचे राज्य सुरू होते. माळव्याच्या काळ्या मातीत चिकणमातीचा अंश मोठा. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसून फाटते. म्हणून आपल्याकडे पाणी केव्हा बंद केले आणि रोलर किती फिरवला, यावर सामन्याचे अर्धे भविष्य ठरते.

पण गवताची खेळपट्टी ही चैन सगळ्यांना परवडणारी नव्हती. स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षे देशातल्या अनेक गावांत कडक जमिनीवर काथ्याची किंवा तागाची चटई ताणून बसवत आणि तिच्यावर सामने होत. चटईवर चेंडू पकड घेतो, उसळतो आणि हातभर वळतो. शिवाय चटई झिजत नाही, त्यामुळे शेवटच्या दिवशीही ती पहिल्या दिवसासारखीच वागते. गवताच्या खेळपट्टीचे रोज बदलणारे रूप तिथे नसते.

याचा कडू अनुभव भारताला ऑक्टोबर १९५२ मध्ये आला. पाकिस्तानचा संघ प्रथमच आला होता. दिल्लीच्या गवती खेळपट्टीवर विनू मांकडने सामन्यात १३१ धावांत तेरा गडी बाद केले आणि भारताने डावाने विजय मिळवला. लगेचची कसोटी लखनौला चटईवर होती. तिथे फजल महमूदने ९४ धावांत बारा बळी घेतले. भारत १०६ आणि १८२ धावांत बाद होऊन एक डाव आणि ४३ धावांनी हरला. मांकड आणि विजय हजारे लखनौला खेळले नाहीत हे खरे, पण फजलचे कटर चटईवर ज्या रीतीने वळत होते त्याला फलंदाजांकडे उत्तर नव्हते हेही तितकेच खरे. सात वर्षांनी, डिसेंबर १९५९ मध्ये, कानपूरच्या ग्रीन पार्कवर नव्याने गवती खेळपट्टी घातली होती. गुजरातचा ऑफस्पिनर जसू पटेल याने ऑस्ट्रेलियाचे पहिल्या डावात ६९ धावांत नऊ आणि दुसऱ्या डावात ५५ धावांत पाच गडी बाद केले. ऑस्ट्रेलियावर भारताचा तो पहिला कसोटी विजय. नवी खेळपट्टी अजून मुरलेली नव्हती, आणि ती नेमकी कुठून खेळायची हे जसू पटेलला उमगले होते.

आता आपल्या होळकर संघाकडे वळू. कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वेळा रणजी स्पर्धा जिंकली. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड ही नावे आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. त्या काळात भारतातल्या रणजी खेळपट्ट्या फलंदाजांना आंदण दिल्यासारख्या होत्या. काही आकडे पाहा.

१९४४-४५ चा अंतिम सामना मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबई आणि होळकर यांच्यात झाला. मुंबईने ४६२ आणि ७६४, तर होळकरने ३६० आणि ४९२ धावा केल्या. एकूण २०७८ धावा! विजय मर्चंट यांच्या २७८ धावा झाल्या. होळकरकडून मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके केली आणि त्या वेळी लष्करी सेवेत महूला असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला. तरीही होळकर ३७४ धावांनी हरले. पुढच्याच हंगामात इंदुरात म्हैसूरविरुद्ध होळकरने ८ बाद ९१२ धावा करून डाव घोषित केला. त्या एका डावात सहा जणांची शतके आहेत. १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्याला अंतिम सामन्यात आपल्याच गोलंदाजांपुढे हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. प्रथम श्रेणीत कोणत्याही गड्यासाठी ती २००६ पर्यंत जगातली सर्वांत मोठी भागी होती. १९४८-४९ मध्ये पुण्याला मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या सामन्यात सात दिवसांत २३७६ धावा झाल्या. तो विक्रम आजही मोडलेला नाही.

सगळे काही खेळपट्टीवर ढकलावे असे आम्ही म्हणत नाही. बडोद्याच्या त्याच खेळपट्टीवर होळकरचे दोन डाव २०२ आणि १७३ धावांत आटोपले. चांगली गोलंदाजी मेलेल्या खेळपट्टीवरही गडी मिळवते. पण त्यासाठी गोलंदाजाला किती मोल मोजावे लागे ते पाहावे.

कर्नल नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी १९४४-४५ च्या त्या अंतिम सामन्यात १५२.५ षटके, म्हणजे ९१७ चेंडू टाकले. ४२८ धावा देऊन त्यांनी अकरा बळी घेतले. एका प्रथम श्रेणी सामन्यात इतके चेंडू दुसऱ्या कोणीही टाकलेले नाहीत. लेगब्रेक टाकणाऱ्याची बोटे आणि खांदा यांचे त्या सामन्यात काय झाले असेल! आकड्यांच्या पुस्तकात मात्र सी. एस. यांच्या नावावर अकरा कसोटींत दोन बळी आणि सरवटे यांच्या नावावर नऊ कसोटींत तीन बळी आहेत. हे वाचून आजचा तरुण त्यांना सामान्य ठरवतो. प्रथम श्रेणीत सी. एस. यांचे सहाशेहून अधिक आणि सरवट्यांचे पाचशेच्या जवळपास बळी आहेत, आणि त्यातले बरेचसे अशाच निर्जीव खेळपट्ट्यांवर घाम गाळून मिळवलेले आहेत. निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावांचे कौतुक आपण करतो आणि ते करायलाच हवे. पण त्याच काळातल्या गोलंदाजाच्या बळीची किंमत आजच्या बळीपेक्षा अधिक धरली पाहिजे, एवढा न्याय आपल्या माणसांना मिळायला हवा.

याच्या उलट टोकाला पावसात भिजलेली खेळपट्टी. त्या काळी सामना सुरू झाल्यावर पाऊस आला तर खेळपट्टी पूर्ण झाकत नसत. ओली माती उन्हाने वाळू लागली की चेंडू एकदा गुडघ्याला, तर एकदा डोक्याला येई. १९४७ मध्ये ब्रिस्बेनला भारतीय संघ, ज्यात आपले सरवटे होते, अशा खेळपट्टीवर ५८ आणि ९८ धावांत बाद झाला. अर्नी टोशॅकने पहिल्या डावात दोन धावांत पाच बळी घेतले. दोन महिन्यांच्या आत ॲडलेडच्या कोरड्या खेळपट्टीवर त्याच संघाने ३८१ आणि २७७ धावा केल्या आणि हजारेंनी दोन्ही डावांत शतके झळकावली. पुढे खेळपट्टी झाकण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. त्यामुळे खेळातली नशिबाची बाजू कमी झाली आणि खेळपट्टी तयार करणाऱ्या माणसाची जबाबदारी वाढली. आता पावसावर खापर फोडता येत नाही.

ही जबाबदारी काय असते हे इंदूरने दोनदा पाहिले. २५ डिसेंबर १९९७ रोजी नेहरू स्टेडियमवर भारत आणि श्रीलंका यांच्यातला एकदिवसीय सामना तीन षटकांनंतर थांबवावा लागला, कारण चेंडू धोकादायक रीतीने उसळत होता. दुसरी वेळ २०२३ ची. सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी होळकर स्टेडियमच्या खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा देऊन तीन डिमेरिट गुण लावले. खेळपट्टी फार कोरडी होती, सामन्याच्या पाचव्याच चेंडूला तिचा पृष्ठभाग फुटला आणि बॅट व चेंडू यांच्यात तोल राहिला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. क्रिकेट मंडळाने अपील केल्यावर शेरा ‘सरासरीपेक्षा कमी’ असा सौम्य झाला आणि एकच गुण उरला. हा सामना मूळचा धरमशालेचा. तिथले मैदान तयार नसल्याने तो ऐन वेळी इंदूरला आला होता. मातीला मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ वेळापत्रकात कोणी धरत नाही.

आमच्या मते ९१२ धावांची खेळपट्टी आणि १०९ धावांची खेळपट्टी, दोन्हींत एकच दोष आहे. दोन्हींनी खेळ एका बाजूला झुकवला. पहिलीचा मात्र कोणी अहवाल लिहिला नाही, कारण धावा निघाल्या की प्रेक्षक खूश असतात. उत्तम खेळपट्टी ती, जी पहिल्या सकाळी वेगवान गोलंदाजाला थोडे, मधल्या दिवसांत फलंदाजाला भरपूर आणि शेवटी फिरकीवाल्याला त्याचा वाटा देते. असा तोल साधणाऱ्या माळ्याचे नाव धावफलकावर कधीच येत नाही. पुढच्या वेळी होळकर स्टेडियमवर सामना असेल तेव्हा नाणेफेकीआधी त्या पट्टीकडे नीट पाहावे, आणि घरातल्या मुलांना जुने आकडे सांगताना ते कोणत्या मातीवरचे हेही सांगावे, एवढी आमची विनंती.