सुतळी-सफेद्यापासून सोल्युशनपर्यंत

फैजपुरात मी नळफिटिंग करतो. आमच्या धंद्याचा खानदेशातला मूळपुरुष शोधायचा तर बऱ्हाणपूरला जावं. 1615च्या सुमारास, मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, तिथं कुंडी भंडारा झाला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, निव्वळ उतारावर शहराकडं यायचं. ना पंप, ना वीज! आजही घरचं गणित तेच आहे: टाकी उंच, तर नळाला जोर.

लोखंडी जीआय पाइपाच्या काळात आम्ही आटे पाडून सुतळी गुंडाळायचो, वर सफेदा. बोअरच्या जड पाण्यानं आत क्षार आणि गंज साचायचा. जुना पाइप कापला तर आत पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं. 1980मध्ये जळगावात जैन उद्योगानं पीव्हीसी पाइप काढायला सुरुवात केली; आमच्याकडं ते शेतात आधी दिसले, घरांत नंतर. सुतळीची जागा सोल्युशननं, म्हणजे पाइप चिकटवायच्या द्रवानं, घेतली. गंज गेला, क्षार गेले नाहीत. शॉवरची भोकं अजून बुजतात. लिंबाच्या पाण्यात भिजवली की मोकळी होतात.

गीझरच्या लाइनीला मात्र साधा पीव्हीसी लावू नका, सीपीव्हीसीच घ्या. आणि क्षारांनी जाम होऊ नये म्हणून बाथरूमबाहेरचा मेन कॉक अधूनमधून फिरवत जा.