मळक्या माश्यांचा निवाडा

१९४९ साली म्युनिकमध्ये झुडपाला लटकलेला मधमाश्यांचा थवा पाहताना प्राणिशास्त्रज्ञ मार्टिन लिंडाउअर थबकले. काही माश्या नाचत होत्या, पण त्यांच्या पायांवर पराग नव्हता. कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या भुकटीने लाल झालेली. त्या फुलांवरून आलेल्या नव्हत्या. बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या शहराची धुराडी आणि भिंतींतल्या पोकळ्या त्या धुंडाळत होत्या, जुने पोळे सोडलेल्या थव्याला घर हवे होते म्हणून.

लिंडाउअर यांनी मग माश्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन त्यांचे नाच टिपले. सुरुवातीला अनेक जागांची दिशा आणि अंतर नाचून सांगितले जाई. काही तासांनी, कधी काही दिवसांनी, जवळजवळ सगळ्या एकाच जागेसाठी नाचू लागत आणि थवा उडे. १९५५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

या निवाड्याला लागू पडणारे गणित त्याआधीच, युद्धाच्या गरजेतून तयार झाले होते. दारूगोळ्याचे किती नग तपासून थांबायचे, हा प्रश्न १९४३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांच्यापुढे होता. त्यांचे उत्तर असे, की आकडा आधी ठरवूच नये. नगागणिक पुरावा साठवत जावे आणि तो दोन मर्यादांपैकी एकीला टेकला की थांबावे. मर्यादा लांब ठेवल्या तर चुका कमी, वेळ जास्त. जवळ आणल्या तर उलट. चुकांचे प्रमाण तेवढेच ठेवायचे तर सरासरीने याहून कमी तपासणीत भागत नाही, हे वाल्ड व जेकब वोल्फोविट्झ यांनी १९४८ साली सिद्ध केले.

थव्याची मर्यादा कुठे असते, हे अमेरिकेत टॉमस सीली आणि कर्क विशर यांनी शोधले. त्यांनी एकाच जागी घर म्हणून एकाऐवजी पाच सारख्या पेट्या ठेवल्या. शोधक माश्या पाचांत विभागल्या. नाच आटला नाही, तरी थव्याला निघायला उशीर झाला. म्हणजे निर्णय नाचाच्या जागी होत नाही, पेटीपाशी होतो. तिथे वीस-तीस माश्या एकदम जमल्या, की त्या परतून इतरांना उड्डाणाचे स्नायू तापवण्याचा इशारा देतात.

उरलेला दुवा, म्हणजे जागांमधली स्पर्धा कशी मिटते, हा २०१२ साली छापून आला. प्रतिस्पर्धी जागेची माशी नाचणारीला डोक्याने ढुसणी देत बारीक आवाज काढते, आणि तो नाच लवकर थांबतो. या संशोधनातल्या समीकरणांतून ढुसणी वगळली, तर दोन सारख्याच चांगल्या जागांमध्ये थवा अडकून पडतो. धरली, तर कोंडी फुटते.