अब्बांची लुंगी

गेल्या मे महिन्यात एका रात्री वीज गेली, तेव्हा पेटीतून अब्बांची जुनी लुंगी काढली. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची, काठाला विरलेली. ती नेसलो आणि पंख्याविना झोप लागली. सकाळी मुलगा म्हणाला, "पप्पा, असे गॅलरीत जाऊ नका."

१९७९ साली मी अब्बांना हेच म्हणालो होतो. तेव्हा मी नववीत होतो आणि अंगात पहिली टेरिकॉटची बेलबॉटम होती.

सत्तरच्या दशकात आमच्या घरात सगळं कापड सुतीच असे. अब्बा कामावरून आले की पँट खुंटीला आणि लुंगी अंगाला. अम्मीच्या रोजच्या साड्या मालेगावच्या, रंगीत, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या. काही कापड कंट्रोलचंही असायचं. १९६४ पासून गिरण्यांना ठराविक जाडंभरडं कापड बांधलेल्या दरात काढावं लागे, ते हे. पहिले चार-पाच धुणे ते टोचायचं, मग मात्र अंगाचंच होऊन जायचं.

मालेगावचं कापड कुणी विणलं, हेही सांगायला हवं. १८५७च्या बंडानंतरच्या पडझडीत उत्तरेतले मोमीन विणकर आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे उतरले. मालेगाव, भिवंडीत स्थिरावले. हातमागाच्या जागी पुढे यंत्रमाग आले. इचलकरंजीत तर विठ्ठलराव दातारांनी १९०४ सालीच यंत्रमाग बसवला होता. मोमीन विणकराने विणलेली साडी खेड्यापाड्यांतल्या बायका नेसत, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. शब्दांचंही तसंच. आपल्या शेतकऱ्याचा सदरा अरबीतल्या छातीवाचक शब्दातून आला, पायजमा फारसीतून. लुंगीला आमच्याकडे तहमद म्हणतात, तोही फारसी तहबंदच. अंगावर घालताना कुणी शब्दाचा धर्म विचारत नसे.

मग टेरिलीन, टेरिकॉट आलं. त्याला नुसती नावं ठेवणं बरोबर नाही. अम्मीला ते आवडायचं. रात्री धुतलं की सकाळी कोरडं, इस्त्रीची कटकट नाही, वर्षानुवर्षं फाटत नाही. चार पोरांचे कपडे विहिरीवर धुणाऱ्या बाईला याची किंमत विचारा! पण उकाड्यात त्याची खरी गोष्ट कळायची. सूत हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. घाम मुरतच नाही, अंगावरून ओघळतो. वर्गात पाठीला चिकटलेला शर्ट मला अजून आठवतो. तरीही तो मिरवायचा होताच.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले अनेक परत आत गेलेच नाहीत. काम भिवंडी-मालेगावच्या मागांकडे वळलं. १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यावरची बंधनं आणि करांचं ओझं हलकं केलं. मग ज्या मागांवर सूत विणलं जाई, त्यांवरच पॉलिस्टर चढलं. विणकर तेच राहिले.

लुंगी मात्र दुसऱ्याच कारणाने मागे पडली. दक्षिणेत ती सगळेच नेसतात. आपल्याकडे चौकड्यांची लुंगी हळूहळू 'त्यांचा' पोशाख ठरत गेली. १९९२-९३च्या दंगलींनंतर अब्बा लुंगीवर दूध आणायला बाहेर पडले नाहीत. कुणी काही बोललं नव्हतं. नाक्यापर्यंत दोनशे पावलं, तेवढ्यासाठी ते पँट चढवत, पट्टा आवळत. मी पाहत होतो, आणि मला बरंच वाटलं होतं, हे लिहायला आता जड जातं.

मुलाचं ऐकून नवी लुंगी घ्यायला गेलो. जुनी फारच विरली होती. दुकानदार म्हणाला, "प्युअर कॉटन आहे, भाईसाब." मी काठाचा एक धागा मागितला आणि काडी लावली. सुताची राख होते, कागद जळाल्यासारखा वास येतो. याचा धागा वितळून काळी टणक गोळी झाली. दुकानदार हसला, मीही हसलो.

घरी येऊन अब्बांचीच नेसली. गॅलरीत अजून गेलेलो नाही.